गोखले रोडच्या गल्लीतलं डिस्क फॉरमॅटवालं दुकान : विंडोज, मॅक, टीव्ही सगळीकडे चालेल असं करून देतात

ठाण्यात पेनड्राइव्ह नाहीतर हार्डडिस्क फॉरमॅट मारून देणाऱ्यांची काही कमी नाही, स्टेशनवरून नौपाड्याकडे चालत निघालात तर मोबाईलचं कव्हर विकणारासुद्धा 'द्या इकडे, पाच मिनिटांत करतो' म्हणेल, पण फॉरमॅट मारायच्या आधी 'हे कुठे कुठे लावणार आहात' असं विचारणारं मला हे एकच दुकान सापडलंय म्हणून लिहितेय. नाव विचाराल तर बोर्डावर नावच नाहीये, झेरॉक्स-लॅमिनेशन-कम्प्युटर रिपेअर एवढंच लिहिलंय आणि त्यातलं लॅमिनेशन बंद होऊन जमाना झाला. गोखले रोडवरून आत गल्लीत वळलं की बाहेर जुन्या सीपीयूंची चळत लावलेली दिसते, तेच. आत एका वेळी दोन गिऱ्हाईकं उभी राहतील एवढीच जागा, तिसरा फुटपाथवर.

माझं काम लग्न-मुंजीचे व्हिडिओ एडिट करायचं. एडिट मॅकवर होतं, शूटवाला कार्ड आणून देतो ते कॅमेऱ्यात फॉरमॅट झालेलं, पार्टीच्या घरी विंडोजचा लॅपटॉप, आजोबांना तोच व्हिडिओ टीव्हीवर बघायचा असतो आणि रिसेप्शनच्या एलईडी वॉलवाल्याकडे काय असेल ते देवालाच ठाऊक. एकच डिस्क एवढ्या ठिकाणी फिरते आणि प्रत्येकाचं आपलं वेगळं कौतुक. त्यामुळे मी या दुकानात तशी नेहमीचीच झालेय.

एका पार्टीची २ टीबीची डिस्क माझ्याकडे आली, मॅकला लावली तर आतलं सगळं दिसतंय, उघडतंय पण, पण मला त्यात एक फाइल टाकता येईना. त्यांनी ती त्यांच्या ऑफिसजवळच्या कुठल्यातरी दुकानातून 'नवीकोरी' फॉरमॅट करून आणलेली, एनटीएफएसमध्ये. एनटीएफएस ही एक फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, मायक्रोसॉफ्टची स्वतःची, १९९३ च्या विंडोज एनटीपासून चालत आलेली, विंडोजवर एकदम मस्त, पण मॅक ती फक्त वाचतो, लिहीत नाही. पार्टी म्हणते डिस्क बरोबर आहे तुमचा मॅक खराब आहे, घरी कशी चालते मग. आता लग्नाच्या आदल्या आठवड्यात मुलीच्या आईला फाइल सिस्टिम कोण समजावणार! दुकानाच्या मालकांकडे, म्हणजे काकांकडे घेऊन गेले, त्यांनी विंडोजच्या मशीनला लावून आधी डेटा बाजूला काढला, उघडून दाखवला, मग डिस्क एक्सफॅट (मॅक, विंडोज दोन्हींवर लिहिता येणारी फाइल सिस्टिम) केली, डेटा परत टाकला आणि त्यांच्याकडच्या जुन्या मॅकबुकवर एक फाइल कॉपी करून दाखवली मगच पैसे घेतले. मॅकवर एनटीएफएस लिहिता यावं म्हणून विकत मिळणारी सॉफ्टवेअरं असतात, ते टाका की म्हटलं तर म्हणाले, "ताई, तुमच्या एकटीच्या मॅकचा प्रश्न असता तर टाकून दिलं असतं, पण ही डिस्क उद्या एलईडीवाल्याच्या मॅकला लावणार ना, त्याच्याकडे कुठून येणार ते सॉफ्टवेअर?" बरोबरच आहे.

एक्सफॅट मायक्रोसॉफ्टनेच २००६ मध्ये आणलं, मुळात पेनड्राइव्ह-कार्डांसाठीच. मॅकला ते २०१० च्या शेवटी आलं, मॅकच्या १०.६.५ व्हर्जनमध्ये. विंडोज-मॅकसारखीच तिसरी सिस्टिम म्हणजे लिनक्स, तिचं घोडं बरीच वर्षं अडलेलं कारण पेटंटची भानगड होती, मग २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची सगळी माहिती खुली केली आणि आता ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच येतं. म्हणजे तुमचं उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) थोडंफार नवीन असेल तर वेगळं काही टाकावं लागत नाही. ही सगळी माहिती मला कोणी दिली असेल सांगा. काकांकडे नंबर लागला की असं लेक्चर फुकट मिळतं, घाई असेल तर वैताग येतो हेही सांगून ठेवते.

आता मग सगळ्यांनाच एक्सफॅट मारून मोकळं का होत नाहीत? तर तिथेच या दुकानाची मजा आहे. माझ्यापुढे एक आजी होत्या, हातात ६४ जीबीचा पेनड्राइव्ह, नातवाने भजनं भरून दिलेली पण त्यांच्या साउंड बॉक्समध्ये काही केल्या वाजत नव्हती. काका म्हणाले आजी हा एक्सफॅट आहे, तुमच्या डब्याला फॅट३२ लागतं. आजी म्हणाल्या, "ते तुझं फॅट-बिट मला सांगू नकोस बाबा, पांडुरंग वाजला म्हणजे झालं." तर असे साउंड बॉक्स, गाडीतले जुने म्युझिक सिस्टिम, सोसायटीच्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर म्हणजे रेकॉर्डिंगचा डबा (आमच्या सेक्रेटरींना चोरीचं फुटेज पोलिसांना द्यायचं होतं तेव्हा हेच निघालं), जुने टीव्ही, यांच्यातल्या बऱ्याच जणांना फॅट३२ शिवाय दुसरं काही कळतच नाही. फॅट३२ हे १९९६ चं, विंडोज ९५ च्या काळातलं, म्हणून जुन्यातल्या जुन्या वस्तूलाही माहीत असतं. फक्त त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. डिस्कमध्ये ५० जीबी मोकळी असते आणि विंडोज म्हणतं फाइल फार मोठी आहे, लोकांना वाटतं डिस्क भरली. माझा लग्नाचा पूर्ण व्हिडिओ १०-१२ जीबीच्या खाली कधी नसतो म्हणजे माझ्यासाठी फॅट३२ संपलंच, पण भजनाची फाइल असून असून केवढी असणार.

आणि ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजवर फॅट३२ करायला गेलात तर त्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत तो पर्यायच दिसत नाही, ३२ जीबीपर्यंतच दिसतो. आजीच्या नातवाचं तिथेच अडलेलं. आता यात फॅट३२ चा काही दोष नाही, ते २ टीबीपर्यंत जाऊ शकतं. डेव्ह प्लमर म्हणून मायक्रोसॉफ्टचे जुने इंजिनिअर आहेत त्यांनी स्वतःच सांगितलंय की १९९४ च्या शेवटी ती फॉरमॅटची खिडकी त्यांनी तात्पुरती म्हणून बनवली होती आणि ३२ चा आकडाही तेव्हा त्यांनीच ठरवला होता. तात्पुरतं म्हणून केलेलं तीस वर्षं चाललं, आपल्याकडच्या सरकारी कामालाच नावं ठेवतो आपण. २०२४ मध्ये कुठे मायक्रोसॉफ्टने कमांड लाइनमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, ही मर्यादा २ टीबीपर्यंत वाढवायला घेतली. काका मात्र त्या नादाला लागत नाहीत, रूफस नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यातून नाहीतर सरळ मॅकवरून करतात, मॅकच्या डिस्क युटिलिटीत त्याला 'एमएस-डॉस फॅट' म्हणतात. आजींचा पेनड्राइव्ह तिथल्याच स्पीकरला लावून वाजवून दाखवला, झेरॉक्सवाली रांग पण भजन ऐकत उभी.

मॅकवर डिस्क घरी फॉरमॅट करणाऱ्यांसाठी काकांच्या पोराने (काम तोच करतो जास्त, काका बोलतात) एक गोष्ट दाखवली ती फार कामाची आहे. डिस्क युटिलिटी उघडली की डावीकडे तुम्हाला फक्त व्हॉल्यूम म्हणजे डिस्कचा आतला भाग दिसतो, तो इरेज केला तर वरवरचं काम होतं. वर 'व्ह्यू' मध्ये जाऊन 'शो ऑल डिव्हाइसेस' करायचं, मग डिस्कचं कंपनीचं नाव सगळ्यात वर दिसतं, ते निवडून इरेज करायचं, तेव्हाच 'स्कीम' नावाचा तिसरा रकाना येतो. तिथे डिस्कचे भाग कुठे आहेत त्याचा नकाशा कसला ठेवायचा, नवा जीपीटी म्हणजे 'जीयूआयडी पार्टिशन मॅप' की जुना एमबीआर, ते ठरतं. २ टीबीच्या वरची डिस्क असेल तर जीपीटीच, एमबीआरला त्याच्या पुढचं मोजताच येत नाही. त्याहून छोटी असेल आणि जुन्या टीव्हीला वगैरे लावायची असेल तर एमबीआर, कारण जुन्या डब्यांना जीपीटी कळेलच असं नाही. एक्सफॅट करूनही टीव्ही घेत नाही अशी तक्रार घेऊन येतात त्यातल्या काहींचं दुखणं हेच असतं, फाइल सिस्टिम बरोबर आणि वरचा नकाशा चुकीचा. आधीच्या दुकानात याचं नावही कोणी काढलं नव्हतं.

टीव्हीवरून आठवलं. मॅकवरून कॉपी केलेला पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की प्रत्येक व्हिडिओ दोनदा दिसतो, एक चालतो आणि एकावर 'फाइल सपोर्ट करत नाही' येतं. पार्टीचा फोन येतो, ताई अर्धे व्हिडिओ करप्ट दिलेत. ते व्हिडिओ नसतातच, मॅक एक्सफॅट-फॅटवर लिहिताना आपली जास्तीची माहिती वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतो, नावाच्या पुढे टिंब आणि अंडरस्कोर लावून. मॅकवर त्या लपलेल्या असतात, टीव्ही बिचारा त्यालाही व्हिडिओच समजतो. पोराने मॅकच्या टर्मिनलमध्ये 'डॉट क्लीन' ची कमांड मारून त्या काढून टाकल्या आणि मला कागदावर लिहूनही दिली. आता मी डिलिव्हरीच्या आधी ती मारतेच. या कामाचे पैसे घेतले नाहीत, घेतले असते तरी दिले असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी या दुकानाला पाचपैकी साडेचार देईन. विंडोजला डिस्क लावली आणि 'वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर लोक सरळ ओके दाबतात नाहीतर दुकानात येऊन सांगतात फॉरमॅट मारून द्या. बाकीचे मारून देतात, गिऱ्हाईक म्हणतंय ना. काका आधी ती डिस्क मॅकला लावतात, मग लिनक्सच्या मशीनला. माझ्यासमोर घोडबंदर रोडवरून एक माणूस आला होता, भाऊ परदेशी गेला आणि डिस्क याच्याकडे ठेवून गेला, याच्या लॅपटॉपवर उघडत नाही म्हणजे कोरी असेल नाहीतर खराब असेल असं धरून आला. मॅकला लावल्या लावल्या आत आईवडिलांच्या षष्ठ्यब्दीचे फोटो. डिस्क एपीएफएस होती, ॲपलने २०१७ मध्ये आणलेली फाइल सिस्टिम, विंडोजला ती मुळात वाचताच येत नाही. विंडोजच्या भाषेत 'मला कळत नाही' याला 'फॉरमॅट करा' म्हणतात, असं काका म्हणाले आणि तो माणूस बराच वेळ काही बोललाच नाही. लिनक्सच्या एक्सट४ फाइल सिस्टिमचं पण तेच, कॉलेजची पोरं आणतात तसल्या डिस्का.

क्विक फॉरमॅट मारला तर डेटा जातो का, हे पण तिथेच कळलं. क्विकमध्ये फक्त वरची यादी नवीन होते, म्हणजे सोसायटीच्या लॉबीतली नावांची पाटी पुसली पण माणसं आपापल्या फ्लॅटमध्येच आहेत, जोवर दुसरं कोणी राहायला येत नाही तोवर. म्हणून जुनी हार्डडिस्क विकायची असेल तर काका विंडोजवर क्विकची टिक काढून पूर्ण फॉरमॅट लावतात, विंडोज व्हिस्टापासून पुढे त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात, पण १-२ टीबीला तास न् तास जातात, डिस्क सोडून घरी जावं लागतं. एसएसडीचं, म्हणजे चिपवाल्या डिस्कचं गणित वेगळं, तिथे ट्रिम (पुसलेली जागा डिस्कनेच साफ करून टाकायची सोय) चालू असेल तर क्विकमध्येही डेटा हाताला लागायची आशा धरू नका. चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कचं रिकव्हरीचं काम ते स्वतः करत नाहीत, एवढंच सांगतात की त्यावर आता एक फाइलसुद्धा टाकू नका आणि रिकव्हरीवाल्याकडे जा.

एक्सफॅटचे तोटे पण तेच सांगतात, विकण्यासाठी गोड बोलणं नाही. एनटीएफएस, एपीएफएसमध्ये लिहिताना मध्येच वायर निघाली तर सावरून घ्यायची सोय असते, जर्नल की काय म्हणतात ते, एक्सफॅटमध्ये ती नाही. म्हणजे इजेक्ट न करता खेचली की नशिबावर. आणि अशी खेचलेली डिस्क परत मॅकला लावली तर कधी कधी बराच वेळ दिसतच नाही, लोक घाबरून परत खेचतात, खरं तर मॅक मागच्या मागे तपासणी करत असतो, जरा दम धरला तर येते. दुसरं म्हणजे बारीक बारीक फाइली. मोठ्या डिस्कवर विंडोज एक्सफॅट करताना १२८ केबीचे कप्पे पाडतं, त्यात २ केबीची फाइल टाकली तरी अख्खा कप्पा अडतो. माझ्या एडिटिंगच्या प्रोजेक्टमध्ये असल्या चिल्लर फाइलींचा ढीग असतो, तो कॉपी केला की जागा कुठे गेली कळत नाही. काकांनी विचारलं यात व्हिडिओ ठेवणार की प्रोजेक्ट, मी म्हटलं दोन्ही, मग त्यांनी 'ॲलोकेशन युनिट', म्हणजे कप्प्याचा आकार, ३२ केबी करून दिलं. हा रकाना त्या खिडकीत कायम असतो, मी कधी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. आणि बॅकअपची डिस्क वेगळी ठेवा म्हणाले, ती फक्त मॅकलाच लावायची असेल तर एपीएफएसच करा, मॅकचं बॅकअपचं सॉफ्टवेअर टाइम मशीन एक्सफॅटवर बॅकअप घेतच नाही.

१ टीबीची डिस्क ९३१ जीबीच का दिसते, यावर तिथे रोज कोणी ना कोणी भांडत असतं. फॉरमॅट करताना तुम्ही जागा खाल्लीत म्हणे! कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते, विंडोज १०२४ च्या. त्याच डिस्कला मॅक पूर्ण १ टीबी दाखवतो, काका दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी लावून दाखवतात आणि भांडण मिटतं. पण एक पोरगा २ टीबीचा पेनड्राइव्ह घेऊन आला होता, कुठेतरी रस्त्यावर काही शे रुपयांत घेतलेला, त्याला मात्र काकांनी फॉरमॅट करून द्यायला नकारच दिला. एच२टेस्टडब्ल्यू म्हणून तपासणीचं सॉफ्टवेअर आहे ते लावलं, खरी जागा ३० जीबीच्या आसपास निघाली, बाकी सगळा थापाच. असल्या पेनड्राइव्हला फॉरमॅट कुठलाही मारा, भरल्यावर फाइली गायब होणारच.

आता तक्रारी. दुकानातली केबल घेऊ नका. मी एक यूएसबी-सी केबल घेतली तिथून, दिसायला झकास, कापडाचं वेष्टण वगैरे, निघाली यूएसबी २ ची. एसएसडी असूनही सेकंदाला जेमतेम ४० एमबी, म्हणजे १ टीबी कॉपी करायला सात तास. परत घेऊन गेले तर काकांनी बदलून दिली पण दुसरीही तशीच, मग पैसेच परत मागितले आणि तेव्हा त्यांचं तोंड जरा वाकडं झालं. फॉरमॅटमध्ये एवढा काटेकोर माणूस केबलच्या बाबतीत 'चार्ज होतंय ना' म्हणतो हे काही पटलं नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. उभं राहून राहून पाय दुखतात, झेरॉक्सवाले मध्ये घुसतात आणि काका प्रत्येकाला 'एकच मिनिट' म्हणतात. आणि ते लेक्चर.

रेट म्हणाल तर पेनड्राइव्हचे ५० आणि हार्डडिस्कचे १५० घेतले माझ्याकडून, डेटा काढून परत टाकायचा असेल तर तो जीबीवर वेगळा, आधी विचारून घ्या. स्टेशनबाहेर याच्या निम्म्यात होतं पण तिथे टीव्हीला लावून कोण दाखवतं.

जाताना डिस्कची स्वतःची केबल घेऊन जा, आणि गाडीला किंवा टीव्हीला लावायची असेल तर मॉडेल नंबरचा फोटो काढून न्या, काका विचारतातच. दुपारी दीड ते साडेचार शटर अर्धं खाली असतं, अर्ध्या शटरखालून वाकून हाक मारली तर ओरडा बसतो. गाडी घेऊन जाऊ नका, गोखले रोडला पार्किंग शोधण्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात क्विक फॉरमॅट होऊन जातो. पैसे यूपीआयने घेतात. रविवारी बंद.